ना कोवळं, ना जरठ

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला रामराम ठोकला. त्या दिवशी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत किंवा पतसंस्थेत काही मोडलं नाही. मशीनं नेहमीसारखी सुरू झाली आणि नेहमीसारखी रखडली. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीच्या वाटेने येणं थांबलं. पुढची पायरी म्हणजे विंडोज ११, पण तिचा उंबरठा उंच आहे. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा एकवेळ जमवता येते. यूईएफआय, सिक्युअर बूट, टीपीएम २.० आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर मात्र जुन्या डब्यात बसवता येत नाही.

क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात, अकोल्यापासून जामखेडपर्यंत, शाळांकडे आणि सेवा सोसायट्यांकडे जी मशीनं दिसतात त्यांचा वंश साधारण ठरलेला असतो. कोअर टू ड्युओ किंवा ड्युअल कोअर प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम. नशीब जरा बरं असेल तर एच६१ बोर्डावर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय३. ही कुठल्या तरी निधीतून आलेली असतात, माजी विद्यार्थ्यांनी दिलेली असतात, नाहीतर पुण्यातल्या एखाद्या कंपनीने बदलून टाकलेल्या लॉटमधून घेतलेली असतात. त्यातलं एकही त्या उंबरठ्याच्या आत जात नाही. मग गावातला जो कोणी ‘कॉम्प्युटरवाला’ असतो तो सांगतो, “सर, लिनक्स टाका. जुन्या मशीनवर पळतं.”

तो चुकीचं सांगत नाही, पण अर्धंच सांगतो.

लिनक्सच्याही ‘किमान गरजा’ छापलेल्या असतात, प्रत्येक अवताराच्या वेगळ्या. उबुंटू २४.०४ ला २ गिगाहर्ट्झचा दुहेरी गाभ्याचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागा हवी. लिनक्स मिंट २ जीबीवर भागतं म्हणतो, पण लगेच ४ जीबी असेल तर बरं असंही सुचवतो. जागा २० जीबी. डेबियन सगळ्यात काटकसरी: डेस्कटॉपसह किमान १ जीबी, शक्यतो २ जीबी, आणि १० जीबी जागा. सी-डॅकची ‘बॉस’ ही आपली देशी प्रणाली डेबियनवरच उभी आहे, त्यामुळे तिचाही पिंड तोच. हे आकडे खोटे नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात कमी उपयोगाचे आहेत. मशीन पास होणार की नापास, हे रॅमच्या आणि गिगाहर्ट्झच्या आकड्यावर क्वचितच ठरतं. ते ठरतं वाय-फायच्या चिपवर, प्रिंटरच्या भाषेवर, अंगठा घेणाऱ्या यंत्रावर, म्हणजे ज्यांची नावं खोक्यावर ठळक छापलेली नसतात अशा सुट्या भागांवर.

तरी रॅमचं एकदा उरकून घेऊ. २ जीबीच्या मशीनवर लिनक्सचा हलका डेस्कटॉप, एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी, सुरू झाल्यावर निम्म्याहून जास्त रॅम मोकळी दिसते आणि माणूस हरखतो. मग तो ब्राउझर उघडतो. एका टॅबमध्ये यूट्यूबवरचा पाठ, दुसऱ्यात सरकारी पोर्टल, तिसऱ्यात मेल, की संपलं. प्रणाली हलकी असली तरी आजचं वेबपान हलकं नाही, आणि त्यात लिनक्सचा काही दोष नाही. जी३१ बोर्डावर ४ जीबीच्या वर रॅम चढतही नाही. म्हणून तिथे जास्तीत जास्त ४ जीबी करून झेडरॅम चालू ठेवायचं, म्हणजे न लागणारा मजकूर रॅममध्येच दाबून बसवला जातो. खरा पैसा घालायचा तो हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवण्यात. दहा-पंधरा वर्षांच्या मशीनमध्ये प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसून डिस्कची वाट पाहत असतो. हा एक बदल केला की तेच मशीन ओळखू येत नाही.

प्रणाली टाकण्याआधी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहायची सोय हा लिनक्सचा सगळ्यात मोठा गुण आहे. डिस्कला हात न लावता मशीन लिनक्समध्ये सुरू होतं आणि आवाज, पडदा, नेटवर्क, कॅमेरा यांची परीक्षा तिथल्या तिथे होते. पण या टप्प्यावर बंद पडणाऱ्या मशीनांपैकी बरीच लिनक्समुळे बंद पडत नाहीत. डिस्प्ले येत नाही, नुसता बीप येतो, तेव्हा कॅबिनेट उघडून रॅमची पट्टी काढतात, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासतात, फुंकर मारून पट्टी परत दाबून बसवतात. हा उपाय कुठल्याही कंपनीच्या पुस्तकात नसेल, पण धुळीच्या भागात तो रोज चालतो, आणि त्याला कारणही आहे: दातांवर साचलेला थर विजेचा संपर्क तोडतो.

दुसरी भानगड जास्त फसवी आहे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते, सीआर२०३२. ती मेली की वीज गेल्यावर मशीन तारीख विसरतं आणि पुन्हा सुरू होताना बोर्डाच्या जन्माच्या आसपासचं, २००८-०९ वगैरे साल दाखवतं. मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित ठरवतो, कारण त्या स्थळाचं प्रमाणपत्र त्याच्या हिशेबाने अजून जन्मालाच आलेलं नसतं. डेबियन किंवा उबुंटूवर नवं पॅकेज उतरवायला गेलं तर प्रणाली सांगते की पॅकेजांची यादी अजून वैध झालेली नाही. भारनियमनाच्या गावात हे रोज घडतं, आणि निदान होतं, “लिनक्समध्ये नेट चालत नाही.” औषध म्हणजे नवी बॅटरी, जी घड्याळजीकडेही मिळते.

आता मुख्य मुद्द्याकडे. विंडोजमध्ये सुट्या भागाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर, सहसा त्या भागाचा निर्माता लिहितो. पूर्वी तो सीडीवर यायचा, आता नेटवरून येतो. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, पोटातच असतात. त्यामुळे ज्या भागाचा ड्रायव्हर आत आहे तो काही न करता चालतो, आणि ज्याचा नाही त्याला दुकानदाराने दिलेली सीडी वाचवू शकत नाही. तेव्हा प्रश्न ‘मशीन किती ताकदीचं’ हा नसून ‘आत कोण कोण बसलंय’ हा आहे.

ते कळायला एक आज्ञा पुरते: एलएसपीसीआय. टर्मिनलमध्ये ती दिली की बोर्डावरच्या प्रत्येक भागाची ओळ येते, आणि जोडीला दोन क्रमांक मागता येतात, एक निर्मात्याचा आणि एक त्या नगाचा. यूएसबीवरच्या वस्तूंसाठी तशीच एलएसयूएसबी आहे. खोक्यावरच्या नावापेक्षा या क्रमांकांवर भरवसा ठेवावा. एकाच नावाचा वाय-फाय डोंगल कंपनी आज एका चिपवर विकते आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या चिपवर, नाव तेच. जाता जाता: इंटेलचा निर्माता क्रमांक ८०८६ आहे. १९७८ मधल्या ज्या प्रोसेसरपासून आजच्या पीसीची वंशावळ सुरू होते त्याचंच हे नाव. नंबरप्लेटची हौस आपल्याकडेच असते असं नाही.

हे ड्रायव्हर कर्नलमध्ये येतात कसे? एकतर निर्माता स्वतः लिहून देतो. इंटेल हे बऱ्यापैकी इमानाने करतं. नाहीतर कोणीतरी बाहेरचा माणूस ती वस्तू विकत घेऊन, तिची बोली ऐकून ऐकून ड्रायव्हर रचतो. दोन्हींना वेळ लागतो. म्हणून आज बाजारात आलेला लॅपटॉप लिनक्सला गैरसोयीचा ठरू शकतो, आणि पाच वर्षांचा लॅपटॉप जावयासारखा वागवला जातो. नव्या मॉडेलचा ट्रॅक्टर हौसेने आणावा आणि त्याचा स्पेअर पार्ट अजून तालुक्याला पोचलेलाच नसावा, तसं हे. त्यातून डेबियनसारखी प्रणाली साधारण दोन वर्षांतून एकदा नवी आवृत्ती काढते, त्यामुळे तिच्यातलं कर्नल मुळातच थोडं मागचं असतं. नव्या मशीनला फेडोरा किंवा उबुंटूची ताजी आवृत्ती, जुन्याला डेबियन किंवा मिंट, अशी वाटणी मला पटते.

पण वयाला दुसरं टोकही आहे, आणि ‘जुन्यावर पळतं’ म्हणणारे तिथेच तोंडघशी पडतात. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवाल्ड्सने आपल्या छंदाची पहिली वर्दी दिली तेव्हा त्याचं कर्नल इंटेलच्या ३८६ या एकाच प्रोसेसरला बांधलेलं होतं. ते इतर मशीनांवर जाईल याची आशाही त्याने दाखवली नव्हती. पुढे ते फोनपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे गेलं आणि ज्या ३८६ वर जन्मलं त्यालाच सोडून आलं: फेब्रुवारी २०१३ मधल्या ३.८ या आवृत्तीपासून ३८६ चा आधार काढला गेला. जुन्या चिपसाठी वेगळ्या वाटा सांभाळणं विकसकांना जड जातं, आणि वापरणारे उरलेले नसतात.

३२ बिटी मशीनांची आज तीच गत आहे. उबुंटूने २०१९ मध्ये ती सोडली. डेबियनने तग धरला, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटी पीसीवर नव्याने बसवायची सोय नाही. म्हणजे पेंटियम ४ च्या सुरुवातीच्या पिढ्या किंवा २००८ च्या सुमाराचे अ‍ॅटम एन२७० वाले छोटे नेटबुक आता उताराला लागले आहेत. कोअर टू ड्युओ मात्र ६४ बिटी आहे आणि डेबियन-मिंटवर बिनघोर चालतो. तोच कोअर टू ड्युओ रेड हॅटच्या एंटरप्राइज लिनक्स ९ वर नापास होतो, कारण २०२२ पासून त्या प्रणालीने साधारण २००८-०९ नंतरच्या चिपमध्येच असणाऱ्या काही सूचना सक्तीच्या केल्या. २०२५ मधल्या आवृत्ती १० ने उडी आणखी पुढे मारली. तिला एव्हीएक्स२ हे सूचनांचं आणखी नवं जुडगं लागतं, जे इंटेलमध्ये २०१३ च्या हॅसवेलपासून सुरू होतं. गिगाहर्ट्झ पुरेसे आहेत, रॅम पुरेशी आहे, तरी प्रणाली सुरूच होत नाही. त्यामुळे नुसतं ‘लिनक्स चालेल का’ विचारून भागत नाही, कुठलं आणि कुठल्या आवृत्तीचं तेही विचारावं लागतं. ‘फ्रीबीएसडी’ ही युनिक्सच्या थेट वंशातली प्रणाली तर प्रत्येक आवृत्तीसोबत चालणाऱ्या हार्डवेअरची वेगळी टिपणंच छापते. ती वाचूनच मशीन निवडावं, कारण तिच्याकडे वाय-फायचे ड्रायव्हर लिनक्सच्या मानाने मोजके आहेत.

वाय-फाय हे दुखणंच निराळं. इथे ड्रायव्हर असूनही अडतं, कारण चिपला स्वतःचं एक छोटं सॉफ्टवेअर लागतं, फर्मवेअर, आणि ते निर्मात्याच्या मालकीचं, कुलूपबंद असतं. मशीन सुरू होताना ते चिपमध्ये भरावं लागतं. डेबियनने तत्त्व म्हणून असं फर्मवेअर आपल्या मुख्य प्रतीत वर्षानुवर्षं ठेवलं नाही. परिणाम असा, की लॅपटॉपवर डेबियन टाकायला घेतलं की वाय-फाय चालायला फर्मवेअर हवं, आणि फर्मवेअर उतरवायला वाय-फाय हवं. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून हा हट्ट सैल केला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर सोबत मिळू लागलं. तरी ब्रॉडकॉमच्या काही चिपा अजून छळतात. जुन्या डेल-एचपी लॅपटॉपमध्ये त्या भरपूर आहेत. अशा वेळी लॅनची वायर जोडून, किंवा मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरून, ब्रॉडकॉमचं पॅकेज आधी उतरवायचं. मोबाइलची ही युक्ती जवळजवळ कधीच दगा देत नाही.

तत्त्व आणि फर्मवेअर यांची झटापट महाराष्ट्राच्या एका खेड्यापर्यंत येऊन गेली आहे. २००७ मध्ये ‘मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या गावातल्या शाळेत झाला. तो हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप म्हणजे प्रणाली आणि हार्डवेअर एकमेकांसाठी शिवून घेतल्याचं उत्तम उदाहरण. एएमडीचा ४३३ मेगाहर्ट्झचा जिओड प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, हार्ड डिस्कच नाही, तिच्या जागी १ जीबी फ्लॅश, आणि त्यावर फेडोरावर बेतलेली प्रणाली. आजच्या कुठल्याही किमान गरजेच्या तक्त्यात हे यंत्र पहिल्याच ओळीला बाद होईल. पण सगळं मोजूनमापून बसवलेलं असल्याने ते चालत होतं. मजा अशी, की खुलेपणाचा झेंडा घेतलेल्या या यंत्रातही मार्व्हेलची वाय-फाय चिप कुलूपबंद फर्मवेअरची होती, आणि त्यावरून ‘ओपनबीएसडी’ या मुक्त प्रणालीच्या थिओ डी राट यांनी प्रकल्पाला २००६ मध्येच जाहीर फैलावर घेतलं होतं. एका शाळेपुरतं पाहिलं तर मी प्रकल्पाच्या बाजूचा आहे. मुलांना नेट हवं होतं.

प्रिंटरबाबत मात्र मी एवढा उदार नाही. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानात, वकिलाकडे, सोसायटीच्या सचिवाच्या टेबलावर हमखास दिसणारा लेझर प्रिंटर म्हणजे कॅननचा एलबीपी २९००. दणकट, काटकसरी, टोनर परत भरून चालणारा. आणि लिनक्सवर डोकेदुखी. कारण त्याची भाषा. चांगले ऑफिस प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या सर्वांना माहीत असलेल्या भाषा बोलतात. २९०० कॅननची स्वतःची ‘कॅप्ट’ बोलतो. पानाचं चित्र तयार करायचं जड काम तो संगणकावर ढकलतो, म्हणून तर तो स्वस्त पडतो. कॅननने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला खरा, पण तो बंद स्वरूपाचा, जुन्या ३२ बिटी लायब्ररींवर टेकलेला. नव्या आवृत्तीवर तो बसवताना एक धागा जोडावा तर दुसरा सुटतो. काही लोकांनी ती भाषा उलगडून खुला ड्रायव्हर लिहिला आहे. तो बऱ्याच ठिकाणी चालतो, पण शाळेच्या निकालाच्या आदल्या दिवशी त्यावर विसंबू नये. एचपीचं तुलनेने बरं. त्यांचं एचपीएलआयपी हे पॅकेज बहुतेक प्रणालींत आधीच असतं, फक्त १०२०, पी१००७, पी१००८ अशा स्वस्त मॉडेलांना वरून एक बंद प्लगइन लागतं. नवा प्रिंटर घ्यायचा तर नेटवर्कवरून, ड्रायव्हरशिवाय चालणारा घ्यावा. आयफोनवरून छापता येतो अशी खूण असेल तर तो लिनक्सवरही बहुधा चालतो. मुक्त सॉफ्टवेअरची सगळी चळवळच प्रिंटरवरून पेटली हे इथे आठवतं. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर तिथे प्रोग्रामर असलेल्या रिचर्ड स्टॉलमनला पाहू दिला गेला नाही, आणि १९८३ मध्ये त्याने जीएनयू हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला.

जिथे लिनक्स विंडोजला मागे टाकतं अशी एक जागा या जिल्ह्याच्या अगदी ओळखीची आहे: काटा. साखर कारखान्याचा वजनकाटा असो की दूध संकलन केंद्रावरचा, त्याचं यंत्र वजनाचा आकडा सहसा सिरियल पोर्टवरून, म्हणजे जुन्या नऊ पिनांच्या वायरीतून, साध्या अक्षरांत पाठवतं. लिनक्स ज्या युनिक्सच्या धर्तीवर रचलं गेलं त्या युनिक्सची घडण याच पोर्टांवर झाली. बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांत संगणक येऊ लागले, तेव्हा एका युनिक्स मशीनला सिरियल वायरींनी आठ-सोळा टर्मिनल जोडून काम चालायचं. तेव्हाही सुसंगतीचा प्रश्न हाच होता: इतके पोर्ट देणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर आहे का? आजच्या संगणकाला नऊ पिनांचं तोंड नसतं, म्हणून मध्ये यूएसबीची वायर घालतात. तिच्यात प्रोलिफिक, एफटीडीआय किंवा सीएच३४० अशी चिप असते. या वायरींत नकली चिपांचा सुळसुळाट आहे, आणि निर्मात्यांनी त्यावर विंडोजच्या ड्रायव्हरमधून सूड उगवला. प्रोलिफिकच्या नव्या ड्रायव्हरांनी नकलीबरोबर स्वतःच्या जुन्या अस्सल चिपाही नाकारल्या. एफटीडीआयने तर ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून असा ड्रायव्हर सोडला, की तो नकली चिपचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकायचा. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. लिनक्सचे ड्रायव्हर निर्मात्याच्या ताब्यात नसल्याने त्यांनी असलं काही केलं नाही. विंडोजने फेकून दिलेली वायर लिनक्सच्या मशीनला लावली की बहुधा निमूट आकडे देऊ लागते.

अंगठा घेणारं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन यांच्याबाबत मात्र उलटा सल्ला. ई-सेवा केंद्राचा धंदा या दोन वस्तूंवर चालतो. सहीच्या काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, काहींचे नाहीत. अंगठ्याच्या यंत्राला नुसता ड्रायव्हर पुरत नाही, आधारसाठी नोंदवलेली सेवा त्या प्रणालीवर चालावी लागते. पोर्टलंही विंडोज गृहीत धरूनच बांधलेली असतात. टॅलीवर खतावणी असलेल्या मार्केट यार्डातल्या अडत्यालाही हेच लागू. अशा ठिकाणी सगळी मशीनं एकदम पालटू नयेत. अंगठा, सही आणि टॅली असलेलं एक मशीन विंडोज ११ चालेल असं घ्यावं, आणि बाकीची, जी फक्त ब्राउझर, पत्रव्यवहार आणि छपाई करतात, ती पेनड्राइव्हवरून आठवडाभर लिनक्सवर चालवून पाहावीत. त्या आठवड्यात प्रिंटर एकदा तरी बंद-चालू करावा, मशीन एकदा झोपवून उठवावं, आणि प्रोजेक्टर असेल तर तोही जोडून पाहावा. लॅपटॉप झोपेतून उठत नसेल तर बायॉसची नवी आवृत्ती टाकून पाहावी. तरी नाही उठला, तर त्याला झोपवायचंच नाही अशी सेटिंग करून तो शाळेच्या वाचनालयात कायमचा चार्जरला लावून ठेवावा.